प्रोसेसर बदलण्याआधी बोर्डाला विचार

मशीन जुनं झालं म्हणून प्रोसेसर बदलायचा नसतो, हे आधी डोक्यात ठेव. पीसीच्या डब्यात सगळ्यात कमी बिघडणारी आणि सगळ्यात जास्त शिव्या खाणारी वस्तू म्हणजे प्रोसेसर. एक्सेल उघडायला वेळ लागला, ब्राउझर गोठला, गेम अडखळला की नाव त्याचंच. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तो आत रिकामा बसलेला असतो, कारण हार्ड डिस्क त्याला वेळेवर फाइल आणून देत नाही, किंवा रॅम काठोकाठ भरलेली असते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. तू दुकानात जाऊन प्रोसेसर मागितलास तर दुकानदार तुला अडवणार नाही. त्यानं का अडवावं?

तेव्हा आधी बघ. ज्या कामात मशीन तुला छळतं तेच काम सुरू कर आणि ते चालू असताना टास्क मॅनेजर उघड. रिकाम्या डेस्कटॉपवर बसून आकडे बघण्यात काही अर्थ नाही. डिस्कचा आकडा १०० ला चिकटलाय आणि प्रोसेसर २०-२५ वर लोळतोय, तर चोर सापडला. हार्ड डिस्कमध्ये हेडला तबकडीवर इकडून तिकडे पळावं लागतं, सेकंदाला शंभरेक छोटी वाचनं केली की त्याची दमछाक होते. साधी साटा एसएसडी तेच काम हजारोंच्या घरात करते. ज्या मशीनची विंडोज अजून हार्ड डिस्कवर आहे, त्याच्या प्रोसेसरविषयी माझ्याशी बोलूच नकोस.

रॅमचंही तसंच. काम करताना मेमरीचा आकडा ९० च्या वर राहत असेल तर आधी रॅम वाढव. आणि रॅमची एकच पट्टी असेल तर दुसरी टाक, कारण दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्ही मार्गांनी एकदम वाहतूक करतो. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू आहे का तेही बघ. काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात. असेंबल करून देणारे लोक हे चालू करायला सर्रास विसरतात. पट्टीवर ३२०० छापलेलं असतं आणि ती वर्षानुवर्षं २१३३ किंवा २४०० वर चाललेली असते. तुझ्या रायझनमध्ये तर आतल्या कोरांना जोडणाऱ्या रस्त्याचा वेगसुद्धा रॅमच्या वेगाशी बांधलेला आहे. पहिल्या पिढीचा रायझन कधी कधी ३२०० ला कुरकुरतो, तेव्हा २९३३ वर ठेव. फुकटातला वेग आहे हा, खिशातून दमडी जात नाही.

मग कॅबिनेटचं झाकण काढ. कूलरच्या पात्यांखाली धुळीचं फेल्ट तयार झालं असेल, पेस्ट वाळून खडू झाली असेल, तर प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग स्वतःच कमी करून घेतो. काम चालू असताना टास्क मॅनेजरमधला गिगाहर्ट्झचा आकडा बेस स्पीडच्याही खाली घसरत असेल, तर नवा प्रोसेसर नको, ब्रश आणि पेस्ट पाहिजे.

एवढं करूनही अडतंय का? मग प्रोसेसरवर संशय घ्यायला हरकत नाही. पण एकूण टक्क्यांवर विश्वास ठेवू नकोस. तुझ्या रायझन ५ १६०० ला ६ कोर आणि १२ थ्रेड. त्यातला एक थ्रेड जीव तोडून धावत असला तरी एकूण आकडा जेमतेम ८ दाखवतो, आणि तू म्हणतोस, प्रोसेसर तर निवांत आहे. आलेखावर उजवं क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे दिसतील असं कर. विंडोज काम एका कोरवरून दुसऱ्यावर हलवत राहते, त्यामुळे तिथेही चित्र थोडं पुसट येतं. म्हणून गेमसाठी माझी आवडती कसोटी वेगळी आहे. गेमचं रेझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आण. फ्रेम वाढल्या तर ग्राफिक कार्ड दमलेलं होतं. फ्रेम जिथल्या तिथे राहिल्या तर अडवणारा प्रोसेसर. तू परवा फोनवर सांगितलंस की आरटीएक्स ३०६० टाकूनही शहरातल्या गर्दीच्या दृश्यात फ्रेम तेवढ्याच, रेझोल्यूशन कमी केलं तरी तेवढ्याच. आणि अँड्रॉइड स्टुडिओत बिल्ड लावलं की बाराही चौकोन भरतात. मग ठीक आहे, तुझी केस खरी आहे.

आता खरा प्रश्न. प्रोसेसर कुठला घ्यायचा हा नव्हे, तर तुझं बोर्ड कुठवर जाऊ देतं हा. आपल्या घरात याचं उत्तम उदाहरण आहे. तुझं मशीन आणि तुझ्या मामीच्या ऑफिसातलं मशीन, दोन्ही २०१७ च्या बनावटीची. तुझ्याकडे एएमडीचं बी ३५० बोर्ड, तिच्याकडे इंटेलचं बी २५० बोर्ड आणि आय ५ ७४००. त्या वर्षी दोन्हींची किंमत, रुबाब, सगळं जवळपास सारखं. आज एकाला मी प्रोसेसर घे म्हणतो आणि दुसऱ्याला हातसुद्धा लावू नकोस म्हणतो.

एएमडीचं एएम ४ सॉकेट २०१७ साली पहिल्या रायझनसोबत लोकांच्या हातात आलं आणि २०२० च्या शेवटी आलेली ५००० मालिकाही त्याच सॉकेटवर बसली. कंपनीनं हे हसत हसत दिलं नाही बरं का. बोर्डावरची बायोसची चिप १६ एमबीची, त्यात सगळ्या पिढ्यांची माहिती मावत नाही, असं कारण सांगून आधी ४०० मालिकेच्या बोर्डांनाही नकार दिला होता. लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा त्या बोर्डांना मिळालं, आणि २०२२ मध्ये तुझ्या ३०० मालिकेलाही. म्हणजे तुझ्या बोर्डावर तीन पिढ्या पुढचा मेंदू बसतो.

इंटेलची तऱ्हा निराळी. एलजीए ११५१ वर सहावी आणि सातवी पिढी. आठवी पिढी आली तीही ११५१ टोकांचीच, मापानं अगदी तीच, पण जुन्या बोर्डावर चालत नाही, ३०० मालिकेचं नवं बोर्ड लागतं. म्हणजे मामीच्या बोर्डाची मजल आय ७ ७७०० पर्यंत. तिथे रस्ता संपला. तो ७७०० जुन्या बाजारात मिळतो, पण भाव ऐकलास तर हसशील. ज्या सॉकेटचा रस्ता संपलाय, त्यावरचा सगळ्यात वरचा प्रोसेसर नेहमीच अवाच्या सवा महाग असतो, कारण तुझ्यासारखे सगळे अडकलेले लोक तोच एक शोधत असतात. आणि एवढं करून विंडोज ११ च्या यादीत या सॉकेटवरची सातवी पिढी नाहीच.

माझा हिशोब साधा आहे. नुसत्या प्रोसेसरचा खर्च हा नवा प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम मिळून होणाऱ्या खर्चाच्या निम्म्याच्या आत असेल आणि त्यात तीनेक वर्षं निघणार असतील, तर जुन्याच बोर्डावर जा. निम्म्याच्या वर गेला की थांब. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले, त्यामुळे हे गणित सध्या जुन्या बोर्डाच्या बाजूनं आणखी झुकलंय. हातात असलेल्या डीडीआर ४ च्या पट्ट्या सांभाळून ठेव. विकायची घाई करू नकोस.

तुझ्यासाठी रायझन ५ ५६००. कोर तेवढेच सहा, हे बघून नाक मुरडू नकोस. १६०० चा एल ३ कॅश १६ एमबी, तोही ८-८ च्या दोन खोल्यांत विभागलेला. ५६०० मध्ये ३२ एमबी एकत्र, सहाही कोरांना सामाईक. वेग ३.६ वरून ४.४ गिगाहर्ट्झ, आणि एका ठोक्यात होणारं कामही जास्त. तुझ्या गर्दीच्या दृश्यात नेमकं हेच लागतं. ५८०० एक्स ३ डी चं नाव तुला मित्र सांगतील. ९६ एमबी कॅश आहे त्याला, गेममध्ये घोडा आहे, पण १०५ वॅटचा आहे. तुझ्या बोर्डावर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर साधी अॅल्युमिनियमची पट्टीही नाही. एप्रिल-मेच्या उकाड्यात तासन्‌तास बिल्ड लावलंस तर तो भाग तापून बोर्ड वेग खाली ओढेल. ६५ वॅटचा ५६०० किंवा ५७०० एक्स, याच्या वर त्या बोर्डाला ताणू नकोस.

आणि नावातलं एकेक अक्षर नीट वाच. ५५०० हा ५६०० चा धाकटा भाऊ वाटतो, पण तो वेगळ्याच साच्यातला, कॅश निम्मा. ५७०० आणि ५७०० एक्स यांतही तोच खेळ: एक्स नसलेल्याचा कॅश १६, एक्सवाल्याचा ३२. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि फरक शे-पाचशेचा सांगतात. दुसरी मेख म्हणजे, जी नसलेल्या या रायझनमध्ये आणि एफ लागलेल्या इंटेलमध्ये आतलं ग्राफिक नसतं. तुझ्याकडे कार्ड आहे म्हणून चालेल. पण तुझ्या त्या मित्राकडे २२०० जी वर कार्डाशिवाय मशीन चाललंय ना? त्यानं ५६०० बसवला तर पडदा काळाच राहील, आणि तो बोर्ड उडालं म्हणून रडत येईल.

बसवण्याआधी बायोस. विंडोजच्या सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये बोर्डाचं पूर्ण नाव आणि बायोसची आवृत्ती लिहिलेली असते. बोर्डावर कोपऱ्यात छापलेला रिव्हिजन नंबरही बघ, एकाच नावाच्या दोन रिव्हिजनच्या बायोस फाइली वेगळ्या असू शकतात. मग कंपनीच्या साइटवर त्या बोर्डाची प्रोसेसरची यादी काढ. तुझा प्रोसेसर त्यात असेल तर त्यापुढे किमान कुठली बायोस लागते ते दिलेलं असतं. यादीत नसेल तर यूट्यूबवर कुणाचं चाललं हे मला सांगायला येऊ नकोस. काही बोर्डांना जुन्या बायोसवरून थेट शेवटच्यावर उडी मारता येत नाही, मधली एक पायरी आधी टाकावी लागते, तेही तिथेच बारीक अक्षरात असतं. हे सगळं जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करायचं. फाइल पेन ड्राइव्हवर घे, बायोसच्या आतल्या सोयीतून टाक, विंडोजमधून नको. आणि यूपीएसची बॅटरी खरोखर जिवंत आहे का ते आधी प्लग काढून बघ. आपल्याकडे पाऊस आणि वीज यांचा काय भरवसा, आणि अर्ध्यात वीज गेली की बोर्ड दुरुस्तीवाल्याकडे न्यावं लागतं.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. तुझ्या बोर्डावर टीपीएम, म्हणजे डिस्कच्या कुलपाच्या किल्ल्या ठेवणारा कप्पा, प्रोसेसरच्याच आत असतो. प्रोसेसर बदलला की पहिल्यांदा चालू करताना बोर्ड विचारतं, नवा प्रोसेसर दिसतोय, टीपीएम पुसू का? ड्राइव्हवर बिटलॉकर चालू असेल आणि रिकव्हरी की तुझ्याकडे नसेल, तर वाय दाबलंस की तुझी फाइल तुलाच उघडत नाही. तेव्हा आदल्या दिवशी बिटलॉकर थांबव, की कागदावर लिहून ठेव, आणि बॅकअप वेगळ्या डिस्कवर घे. तुझी विंडोज जुन्या लेगसी पद्धतीनं टाकलेली असेल तर ११ साठी डिस्क जीपीटी करावी लागेल. विंडोजमध्येच एमबीआर टू जीपीटी नावाचं साधन आहे, काम होतं. पण तेही बॅकअपनंतर.

आता हाताचं काम. एएम ४ मध्ये टोकं प्रोसेसरला असतात, १३३१, केसासारखी. कूलर सरळ वर ओढलास तर वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो, खटका बंद असतानासुद्धा, आणि टोकं वाकतात. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं काहीतरी जड काम लावून मशीन गरम कर, मग बंद करून प्लग काढ, कॅबिनेट आडवी झोपव, स्क्रू सैल कर आणि कूलर उचलण्याआधी बरणीच्या झाकणासारखा डावी-उजवीकडे हळू पिळ. सुटल्याचं बोटांना कळतं. मग वर. तुझ्या १६०० सोबत आलेला रेथ स्पायर चार स्क्रूंनी मागच्या पट्टीला धरलेला आहे, स्क्रू निघाले की ती पट्टी बोर्डामागे सुटी पडते, तिच्यासाठी एक हात मागे ठेव. आणि तो स्पायरच परत लाव. ५६०० च्या डब्यात मिळणारा स्टेल्थ त्याच्यापेक्षा बुटका असतो. नवं ते चांगलं म्हणून बदलायला जाशील, तसं करू नकोस. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पूस, प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळव, आणि प्रोसेसर स्वतःच्या वजनानं आत उतरला पाहिजे. दाबायचा नाही. उतरत नसेल तर बाहेर काढून टॉर्चच्या उजेडात टोकांच्या रांगा बघ. पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा मिनिटभर काळा राहिला तर घाबरून बटण दाबू नकोस, रॅमशी ओळख करून घेत असतो तो.

सेकंडहँड घेणार असशील तर प्रोसेसर बिनधास्त घे, बोर्ड मात्र जपून. लॅमिंग्टन रोडला अजूनही जुन्या एच ६१, एच ८१ चिपसेटची कोरी बोर्डं डब्यात मिळतात. चिपसेट दहा वर्षांहून जुना, बाकी नवं. त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले आय ७, आय ९ जुने घेताना दहादा विचार कर. त्यांच्यात जास्त व्होल्टेजमुळे प्रोसेसर हळूहळू खराब होण्याचा दोष निघाला, इंटेलनं २०२४ मध्ये मायक्रोकोड देऊन तो थांबवला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण आधीच झालेली इजा त्यानं भरून येत नाही, आणि आधीच्या मालकानं काय केलं हे तुला दिसणार नाही. नवा घेतलास तर डबाबंद घे, तीन वर्षांची वॉरंटी कंपनीची असते. ट्रेमधून काढून दिलेल्याची वॉरंटी म्हणजे त्या दुकानदाराचा शब्द. पक्कं बिल दोन्हीकडे.

पूर्ण प्लॅटफॉर्म बदलायची वेळ तुझ्यावर यायची तेव्हा येईल. एएम ५ ला डीडीआर ५ शिवाय पर्याय नाही, आणि २०२७ पर्यंत व पुढेही त्या सॉकेटवर नवे प्रोसेसर देऊ असं एएमडीनं जाहीर केलंय. इंटेलची सॉकेटं साधारण दोन पिढ्यांत पालटतात, एलजीए १७०० नं तीन काढल्या तेवढा अपवाद. ज्याला पुन्हा पाच वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलायचाय त्यानं हे बघावं. मधल्या काळात अर्धं नवं अर्धं जुनं करत पैसे झिरपू देऊ नकोस. या वर्षी बोर्ड, पुढच्या वर्षी एसएमपीएस, असं करणाऱ्याचं मशीन कधीच पूर्ण होत नाही आणि खर्च मात्र नव्याएवढा होतो.

आता मामीचं. तिच्या मशीनमध्ये मी एसएसडी टाकली तेव्हाच तिची हळू चालतंयची तक्रार संपली. वेगासाठी तिला आजही काही नको. पण विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, साध्या ग्राहकांसाठीची वाढीव सुरक्षा घेतली तरी ती ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. मामी ज्यांची विवरणपत्रं भरते त्या लोकांचे पॅन, बँकेची स्टेटमेंटं, पासवर्ड, सगळं त्या डब्यात. विंडोज ११ आडमार्गानं घालता येते, मला येते घालायला, पण पुढची अपडेटं मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही, आणि दुसऱ्याच्या विवरणपत्रांवर मी असला प्रयोग करणार नाही. तुझ्या आजोबांचं मशीन मी लिनक्स मिंटवर नेलं. बातम्या, मेल आणि भजनं एवढ्याला ते उत्तम चालतं. मामीची टॅली आणि डिजिटल सहीचं टोकन मात्र विंडोजवरच सुखानं चालतात.

म्हणून तिचा प्रोसेसर नाही, बोर्डासकट सगळा गाभा बदलायचा. डीडीआर ४ घेणारं एच ६१० बोर्ड आणि आय ३ १२१०० किंवा १४१००, एफ नसलेला. जुनी रॅम तशीच चालेल, एसएसडी चालेल, कॅबिनेट चालेल. कूलर चालणार नाही, १७०० ची भोकं लांब आहेत, पण डब्यात येतो. एसएमपीएस २०१७ चाच आहे, तो बदल. जुन्या बोर्डासोबत आलेलं विंडोजचं ओईएम लायसन्स त्या बोर्डाशी बांधलेलं असतं, तेव्हा नव्या लायसन्सचे पैसे आधीच हिशोबात धर, लोक हेच विसरतात. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पॅरलल वायरीवर आहे, नव्या बोर्डाला तो पोर्ट नसणार. प्रिंटरच्या मागे यूएसबीची जागा आहे, वायर तेवढी घेऊन ये.

आणि बोर्ड काढण्याआधी जुन्याच मशीनवर टॅलीचं लायसन्स सरेंडर करायचं. ते न करता डबा उघडलास तर नव्या मशीनवर लायसन्स चालू होईना म्हणून फोन करत बसावं लागेल, आणि मामी आपल्या दोघांना जेवायला वाढणार नाही. जीएसटीची ३ बी भरायची तारीख २०. त्या आधी तिच्या टेबलाजवळही फिरकू नकोस. २० नंतरचा रविवार धर, तुझा ५६०० त्याच दिवशी बसवू, पेस्टची एकच ट्यूब दोघांना पुरेल.